नदीकाठच्या जुन्या देवळाचा, घाटाचा रस्ता नीट करून घ्यायचा असेल तर काय काय करायचं

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्याच्या टोकाला, कर्नाटकच्या हद्दीला लागून खिद्रापूर आहे. कोपेश्वराचं देऊळ, शिलाहारांच्या काळातलं म्हणजे १२व्या शतकातलं, ४८ खांबांचा स्वर्गमंडप, वर गोल मोकळं आभाळ आणि शेजारीच कृष्णा. त्रिपुरारी पौर्णिमेला त्या गोलातनं चंद्र बघायला लांबलांबनं माणसं येतात, श्रावणातल्या सोमवारी येतात, एरवी शाळांच्या सहली असतातच. आता यायचं कसं, तर उसाच्या पट्ट्यातनं, काळ्या रानातनं. अशा भागात हंगाम चालू असताना रस्त्यावर सहलीची बस, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि एमएच १२ ची कार एकाच वळणावर समोरासमोर आली की काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

हे फक्त खिद्रापूरचं नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट, पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे म्हणजे पाण्यानं खडकात कोरलेली कुंडं, संगमेश्वरला कसब्याचं कर्णेश्वराचं देऊळ, सगळीकडं गोष्ट तीच की ठिकाण राज्यभर माहीत आणि शेवटचा रस्ता गावचा. म्हणून उदाहरण खिद्रापूरच्या पट्ट्याचं घेतो पण तुमच्या गावाला लागू पडेल असंच लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. "रस्ता रुंद करा" एवढीच मागणी घेऊन जाऊ नका. आधी रस्ता कागदावर कोणाचा ते शोधा, मग तो नेमका कुठं कुठं अडतो ते मोजा आणि तेवढीच कामं नावानिशी मागा. चार मोऱ्या, दोन वळणं आणि सहा बगला (समोरच्या गाडीला वाट द्यायला कडेला थांबायच्या जागा) देऊन जे साधतं ते अख्खा रस्ता मागून दहा वर्षं थांबण्यानं साधत नाही. आणि गाडी देवळाच्या दारापर्यंत नेऊ नका, त्यावर पुढं सविस्तर.

रस्ता कोणाचा?

हे पहिलं आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम, पण हे केल्याशिवाय पुढं जाऊ नका कारण चुकीच्या ऑफिसात दिलेला अर्ज नुसता फिरत राहतो. आपल्याकडं रस्त्यांची उतरंड अशी: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे प्रजिमा, इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा आणि ग्रामीण मार्ग म्हणजे ग्रामा. ढोबळ हिशोब असा की राज्य मार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम खात्याकडं, इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं, आणि गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडं. याशिवाय एक मोठा वर्ग असतो जो कशातच नाही, त्याला योजनाबाह्य रस्ता म्हणतात, म्हणजे लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरतात पण रस्ते विकास आराखड्यात त्याला नंबरच नाही. नदीकाठच्या ठिकाणांचे शेवटचे एक-दोन किलोमीटर हमखास असेच निघतात. नंबर नाही तर निधी पडायला जागा नाही, इतकं साधं आहे ते.

शोधायचं कसं तर पंचायत समितीत जिल्हा परिषद बांधकामचे उपअभियंता किंवा शाखा अभियंता बसतात, त्यांच्याकडं तालुक्याचा रस्ते नकाशा असतो, तो बघा. ग्रामपंचायतीत नमुना नंबर २३ म्हणजे रस्त्यांची नोंदवही, त्यात हा रस्ता लिहिलाय का, लांबी-रुंदी किती टाकलीय ते बघून घ्या, ग्रामसेवकाला सांगा की प्रत पाहिजे. मग गावनकाशा काढा, महाभूनकाशाच्या साइटवर गट नंबरासकट दिसतो, आणि भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसात जुना नकाशा मिळतो, तो जास्त महत्त्वाचा. जुन्या नकाशावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पाऊलवाट. गाडीरस्त्याची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. आता प्रत्यक्षात जाऊन टेप लावलात आणि बांधाबांधात दहा फूटच उरलंय असं दिसलं तर समजा की रस्ता आहे, फक्त तो शेतात गेलाय.

कुठं माहिती देत नसतील तर भांडत बसू नका, माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. अर्जात प्रश्न कमी आणि नेमके ठेवा: रस्त्याचा क्रमांक, साखळी (म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) कुठून कुठपर्यंत, मालकी कोणाची, मागचं काम कधी, किती खर्चाचं, दोषदायित्व कालावधी कधी संपतो. हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तोच कामाचा असतो, कारण मुदत संपली नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराकडनं फुकटात करून घ्यायची असते.

योजनाबाह्य निघाला तर ग्रामसभेचा ठराव करून तो रस्ता आराखड्यात घ्यावा आणि ग्रामीण मार्गाचा क्रमांक द्यावा असा प्रस्ताव जिल्हा परिषदेला पाठवायचा. ग्रामसभा वर्षातनं किमान चार होतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास, तेव्हा विषय अजेंड्यावर आधी घालायला लावा, आयत्या वेळच्या विषयात ढकलू नका, नंतर कोणीतरी त्यावरच बोट ठेवतं.

चालत जा आणि मोजा

मुख्य रस्ता सोडल्यापासून नदीपर्यंत चालत जायचं. गाडीवर बसून नाही. दोघंतिघं जा, ३० मीटरची टेप, खडू, मोबाईल आणि वही. दर १०० मीटरला खडूची खूण करून डांबराची रुंदी, दोन्ही साइडपट्ट्यांची रुंदी, गटार आहे का नाही, खांब किंवा झाड किती आत आलंय, हे लिहा, आणि फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा.

एका मोरीपाशी थांबून नीट बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते समजेल. रस्त्याखालनं फूटभर व्यासाचा एक सिमेंटचा पाइप गेलेला असतो. वरच्या अंगाला ऊस. तोडणी झाली की पाचट वाऱ्यानं गटारात, गटारातनं पाइपच्या तोंडाशी, त्यात खताची रिकामी पोती, गुटख्याच्या पुड्या, आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की पाइप बंद. मग पाणी रस्त्यावरनं जातं. वरनं जाताना ते खालच्या अंगाची साइडपट्टी धुऊन नेतं, डांबराची कड उघडी पडते, त्या कडेवर भरलेल्या ट्रॉलीचं चाक आलं की कड तुटते, आणि ३ मीटरचा रस्ता तिथं अडीच मीटरचा होतो. लोक म्हणतात रस्ता खराब केला डांबर चांगलं नव्हतं. डांबराचा दोष असेलही, पण सुरुवात त्या पाइपपासून झालेली असते. तिथं कितीही वेळा पॅच मारला तरी पुढच्या वर्षी तेच. उपाय म्हणजे माणूस आत वाकून साफ करू शकेल एवढा, शक्यतो १ मीटरचा पाइप, दोन्ही बाजूला भिंत, आणि वरच्या तोंडाला गाळ-कचरा अडवायला खड्डा. हे एक काम वेगळं मागितलं तर छोटं असतं, लवकर मंजूर होतं. पूर्ण रस्त्याच्या प्रस्तावात घातलं तर सगळ्याबरोबर अडकतं.

गाड्या मोजायच्या तेही एका दिवसाचं काम नाही. निदान सलग तीन दिवस मोजा, त्यात एक रविवार येऊ द्या, आणि दोनदा मोजा, एकदा ऊसतोडीच्या हंगामात, एकदा नसताना. सणाचा दिवस वेगळा मोजा, त्रिपुरारी पौर्णिमा, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार असं जे तुमच्याकडं असेल ते. गावातली कॉलेजची पोरं पाळी लावून हे करतात, चार कॉलम पाडायचे: दुचाकी, कार-जीप, बस-ट्रक, ट्रॅक्टर-बैलगाडी, आणि रेघा ओढत जायचं. हा कागद घेऊन अभियंत्यासमोर बसलात तर बोलणं बदलतं, कारण रुंदी, जाडी सगळं वाहतुकीच्या आकड्यावरच ठरतं आणि तो आकडा बऱ्याचदा त्यांच्याकडं नसतो.

रुंदीचा हिशोब पण समजून घ्या. गावाकडच्या एकपदरी रस्त्याचा डांबरी पट्टा ३.७५ मीटर असतो, वाहतूक कमी असेल तिथं ३ मीटरवरही भागवतात. बस अडीच मीटर रुंद. म्हणजे दोन बसेस डांबरावर कधीच बसणार नाहीत, एकाला उतरावं लागणारच. पूर्ण लांबी ५.५ मीटर करायची तर जमीन लागते, आणि जमिनीवर गाडी अडते. म्हणून मी म्हणतो बगला मागा, म्हणजे दर २००-३०० मीटरला, समोरची बगल इकडनं दिसेल अशा बेतानं, बस पूर्ण उभी राहील एवढी, साधारण २० मीटर लांबीची पक्की रुंद जागा. त्यासाठी सरकारी पड जागा, विहिरीजवळचा कोपरा, जुन्या खाणीची कड असं काहीतरी सापडतंच. वळणावर मात्र आतल्या बाजूनं रुंदी वाढवून घ्या आणि वळणाच्या तोंडावर उंच पीक घेऊ नका म्हणून त्या शेतकऱ्याशी बोला. ऊस वाढला की पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. तिथं हरभरा, सोयाबीन घेतलं तर दिसतं, पण त्याचं नुकसान होणार ते गावानं कसं भरून द्यायचं तेही बोलून ठरवा, नुसतं सहकार्य करा म्हणून होत नाही.

काळी माती आणि पूर

हा भाग जरा लांबेल कारण इथंच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर थेट खडी आणि डांबर टाकलं की उन्हाळ्यात कडेनं लांबच्या लांब भेग पडते, पावसाळ्यात त्या भेगेतनं पाणी आत, आणि वर्षात रस्ता लाटालाटांचा. म्हणून अंदाजपत्रकात वरची माती काढणं, मुरमाचा चांगला जाड थर देऊन रोलर फिरवणं, मध्ये उंच ठेवून दोन्ही कडेला उतार, साइडपट्टी मुरमाचीच आणि रस्त्यापेक्षा खोल गटार, हे आहे का ते वाचा. अंदाजपत्रक हा वाचायचा कागद आहे, बिनधास्त मागा. डांबराचा थर किती मिलिमीटर हे सगळे विचारतात, मुरूम किती हे कोणी विचारत नाही.

आता पूर. कृष्णा-पंचगंगेचा २००५, २०१९, २०२१ चा पूर या भागानं अंगावर घेतलाय. पाणी आलं की काही तासात उतरत नाही, दिवसच्या दिवस उभं राहतं. त्यामुळं गावोगाव पहिली मागणी येते की रस्ता उंच करा. ही मागणी समजते, कारण गाव तुटतं, दवाखान्याला जाता येत नाही, जनावरं अडकतात. पण नदीच्या पूरमैदानातनं आडवा उंच भराव टाकला की तो बांधाचं काम करतो. पाणी वरच्या अंगाला तुंबतं, आणि ते शेजारच्या वस्तीत नाहीतर देवळाच्या आवारात शिरतं. तेव्हा भराव पाहिजेच असेल तर त्यात मोऱ्या किंवा कमानी किती आणि कुठं, याचा हिशोब जलसंपदा विभागाकडनं करून घेतल्याशिवाय ठरावावर सही करू नका.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो. गावाला तालुक्याशी जोडणारा जो रस्ता आहे तो उंच आणि मोऱ्यांसह व्हावा, कारण तो जीव वाचवायचा रस्ता आहे. गावापासून घाटापर्यंतचा शेवटचा तुकडा मात्र खालीच राहू द्या, तो पुरात बुडणार हे धरूनच बांधा. म्हणजे बुडणाऱ्या लांबीत डांबर नको, सिमेंट काँक्रीट, दोन्ही कडांना जमिनीत खोल उतरलेली भिंत म्हणजे पाणी खालनं माती उकरणार नाही, आणि दोन्ही बाजूला रंगवलेले खांब, फुटाफुटाच्या खुणांचे. पाण्याखाली रस्ता दिसेनासा झाला की कड कुठं ते त्या खांबांवरनं कळतं, आणि किती पाणी आहे तेही. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलू शकतं, त्यामुळं पाणी रस्त्यावर आलं की साखळी लावून बंद, यात गावानं कोणाची ओळख बघू नये.

पूररेषेचा नकाशा पण बघून ठेवा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम धरूच नका, तिथं मोकळं मैदान, झाडं, बसायला पायऱ्या एवढंच. बरेच उत्साही प्रस्ताव इथंच मार खातात, नदीकाठी हॉल, स्वच्छतागृह, दुकानगाळे काढतात आणि मंजुरी येत नाही, किंवा येते आणि पुराबरोबर जातं.

पूर उतरल्यावर एक गोष्ट फुकटात करता येते. रस्ता वरनं वाळलेला दिसतो पण खालची माती अजून भिजलेली असते, आणि त्या आठवड्यात जड गाड्या गेल्या की रस्ता खचतो. ग्रामपंचायतीनं काही दिवस जड वाहनं बंद ठेवायला तहसीलदारांना पत्र द्यायचं. एवढ्यानंसुद्धा रस्त्याचं आयुष्य वाढतं.

ज्यांचं गाव निघोजसारखं खडकावर आहे त्यांना हा त्रास कमी, तिथं अडचण उताराची आणि गर्दी थेट कुंडाच्या काठाशी जाते त्याची. कोकणात जांभा आणि पाऊस, तिथं गटार हेच अर्धं काम.

देवळाजवळ काय चालतं आणि काय नाही

कोपेश्वर हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं, म्हणजे एएसआयचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकांना १९५८ चा कायदा लागतो आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर नियम असा की संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, नवं बांधकाम नाही, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथं परवानगी घेऊनच. राज्य संरक्षित स्मारक असेल तर राज्याचा १९६० चा कायदा आणि राज्याचं पुरातत्त्व संचालनालय. मेहेरबानी करून असं करू नका की निधी मार्चमध्ये संपतोय म्हणून आधी काम उरका आणि परवानगी नंतर बघू. काम अर्धवट बंद पडलं की दोन्हीकडनं जातं. पहिल्याच महिन्यात पत्र द्या, सोबत नकाशावर ३०० मीटरपर्यंतची वर्तुळं काढून, कुठं नुसती दुरुस्ती आणि कुठं नवीन काम ते दोन रंगात दाखवून.

एक गोष्ट जवळनं बघण्यासारखी आहे. जुन्या देवळांच्या बाहेरचा रस्ता दरवेळी नवा थर टाकून उंच होत जातो. पाच-सहा थर झाले की रस्ता अंगणाच्या वर येतो आणि पावसाचं पाणी रस्त्यावरनं आवारात उतरतं, पाया भिजतो, खालच्या शिल्पपट्टीला शेवाळ धरतं, क्षार फुटतात. म्हणून देवळाजवळच्या लांबीत "जुना थर खरवडून काढून त्याच पातळीला नवीन" असं अंदाजपत्रकात शब्दात लिहून घ्या. हे शब्द नसतील तर ठेकेदार वरच टाकणार, त्याला तेच सोपं.

खोदताना वीरगळ, सतीशिळा, कोरीव दगड निघतात, नदीकाठच्या जुन्या गावात तर हमखास. ते दगड भरावात जाऊ देऊ नका, मोरीच्या भिंतीत बसवू देऊ नका. काम थांबवा, फोटो काढा, तलाठी आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. जेसीबीवाल्याला आधीच सांगून ठेवायचं, त्याचं गावातलं कोणीतरी ओळखीचं असतंच.

पार्किंग ३०० मीटरच्या बाहेर करा. मला माहितीय की गावात यावर वाद होतो, दारापर्यंत गाडी गेली पाहिजे असं दुकानदार पण म्हणतात आणि पुढारी पण. पण गाड्या दारात आल्या की अरुंद गल्लीत बस वळवायला जागा नसते, रिव्हर्स घेताना कोणाचा तरी कट्टा पडतो, सणाला ॲम्ब्युलन्स आत येऊ शकत नाही. बाहेर उतरून चालत आलं की माणूस दोन ठिकाणी थांबतो, चहा घेतो, कणसं घेतो, बचतगटाची चटणी घेतो. दुकानदारांना हे पटवून द्यावं लागतं, आणि स्टॉल त्या चालायच्या वाटेवरच द्यावे लागतात. म्हातारी माणसं, व्हीलचेअर यांच्यासाठी ती वाट सपाट, न घसरणारी, उतार १२ ला १ पेक्षा जास्त नाही अशी करा, आणि सणाला दोन ई-रिक्षा ठेवा. बस वळायला मोठं वर्तुळ लागतं, पार्किंगचा नकाशा काढताना एसटीच्या आगारातल्या अनुभवी ड्रायव्हरला जागेवर आणून विचारा, तो पाच मिनिटांत सांगेल कुठं अडणार ते.

पूल, साकव, बंधारे

यावर कमी बोलतो पण हे सगळ्यात गंभीर आहे. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला, ४ जणांचा जीव गेला. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला होता. रस्ता चांगला झाला की गर्दी वाढणार, आणि ती गर्दी शेवटी कुठल्यातरी जुन्या साकवावर म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, नाहीतर कोल्हापुरी बंधाऱ्यावर उभी राहणार, फोटो काढायला. तेव्हा रस्त्याच्या प्रस्तावाबरोबरच त्या पुलाची संरचनात्मक तपासणी मागा, लेखी मागा. तपासणी होईपर्यंत नुसता धोक्याचा बोर्ड लावून भागत नाही, लोखंडी पोल किंवा दगड लावून गाडी जाणारच नाही असं करा, आणि पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी माणूस उभा करा. बंधाऱ्यावरनं जाणारी वाट गाडीरस्ता म्हणून कुठंही दाखवू नका.

पैसे कुठून

एकाच योजनेतनं सगळे पैसे येत नाहीत, म्हणून कामाचे तुकडे पाडा आणि तुकड्याला जुळेल ती योजना लावा. नंबर असलेला ग्रामीण मार्ग किंवा इजिमा असेल तर जिल्हा नियोजन समितीतनं ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली म्हणजे सरकारी हिशोबातल्या खात्यांखाली रस्त्यांचा निधी येतो. गावातला अंतर्गत तुकडा, काँक्रीट गल्ली यासाठी ग्रामविकास विभागाचं २५१५. मोरी, गटार, पाट्या, दिवे अशा लहान कामांना ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा अबंधित (म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला) निधी, पण त्यासाठी ते काम गावाच्या विकास आराखड्यात आधी आलेलं पाहिजे. शेतातनं जाणारी पाणंद असेल तर पाणंद रस्त्यांची योजना, मातोश्री पाणंद योजना २०२१ मध्ये आली, नंतर नावं आणि नियम बदलत असतात त्यामुळं चालू शासन निर्णय तालुक्यालाच विचारा. आमदार निधी, खासदार निधी आहेतच, त्यातनं एखादी बगल, पार्किंगचं सपाटीकरण असं दाखवता येणारं एकेक काम मागा.

पर्यटन किंवा तीर्थक्षेत्राचा दर्जा हा वेगळा दरवाजा आहे. 'क' वर्ग दर्जा जिल्हा नियोजन समिती देते, 'ब' वर्गाला राज्याकडं जावं लागतं, आणि दोन्हीला येणाऱ्या माणसांचा आकडा लागतो. म्हणूनच मघाशी म्हटलं की सणाला मोजा. मोजलेला कागद, फोटो, देवस्थानची किंवा ग्रामपंचायतीची नोंद जोडली तर प्रस्तावाला वजन येतं, "लाखो भाविक येतात" असं नुसतं लिहून येत नाही.

पीएमजीएसवायच्या म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या मागं यासाठी लागू नका, ती वस्त्या जोडायची योजना आहे, स्थळं जोडायची नाही. तुमच्या वाटेवर न जोडलेली वस्ती असेल तर गोष्ट वेगळी, मग त्या वस्तीच्या नावानं मागा, तो हक्कच आहे त्यांचा.

वेळेचं सांगायचं तर जिल्ह्याच्या आराखड्याची जुळवाजुळव हिवाळ्यात चालू होते, त्यामुळं सर्वे पावसाळ्यात करा, ठराव ऑगस्ट किंवा ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्या, आणि अंदाजपत्रक दिवाळीपर्यंत हातात येईल असं बघा.

जमीन आणि माणसं

बगल किंवा वळण रुंद करायला कोणाची दोन-तीन गुंठे लागली तर तोंडी "घ्या की" यावर काम चालू करू नका. आज बाप हो म्हणतो, उद्या मुलगा अडवतो, आणि त्याचंही चुकत नाही. आधी भूमी अभिलेखकडनं मोजणी, मग लेखी दानपत्र किंवा खरेदी, मग सातबाऱ्यावर नोंद. जुना वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर तहसीलदारांकडं मामलतदार कोर्ट कायदा १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो, आणि बांधावरनं नवीन वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. पण माझं मत विचाराल तर कोर्टाच्या आधी पारावर बसा. त्या शेतकऱ्याला विचारा तुझी अडचण काय. बऱ्याचदा अडचण जमिनीची नसतेच, गटाराचं पाणी त्याच्या उसात शिरतं, किंवा त्याच्या पाइपलाइनला रस्त्याखालनं जागा ठेवलेली नसते. काम करतानाच रस्त्याखालनं दोन केसिंग पाइप (ज्यातनं नंतर पाइपलाइन ओवता येते) टाकून ठेवले तर तो उद्या रस्ता खोदणार नाही.

झाडांचं पण तसंच. रस्त्याकडेचा जुना वड मध्ये येत असेल तर रस्ता हलवा. २०२० मध्ये सांगली जिल्ह्यात भोसे गावाजवळ लोकांनी आवाज उठवल्यावर वडासाठी राष्ट्रीय महामार्गाचा आराखडा बदलायला लागला होता, मग आपला ग्रामीण मार्ग सहज वळेल.

पाट्या आणि मोबाईलचा नकाशा हे सोपं आहे, लगेच होतं. पर्यटनस्थळाची पाटी तपकिरी रंगाची, पांढऱ्या अक्षरात, मुख्य रस्त्याच्या फाट्यावर आणि त्याच्या आधी थोडं, मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहिली तर इकडच्या भागात उपयोग होतो. गुगल मॅपवर पार्किंगची वेगळी पिन टाका आणि देवळाच्या पिनला वाट कुठनं दाखवतोय ते तीन-चार बाजूंनी तपासा, पाणंदीतनं किंवा बंधाऱ्यावरनं दाखवत असेल तर चूक कळवायची सोय ॲपमध्येच आहे, गावातल्या बऱ्याच जणांनी कळवलं की लवकर बदलतं.

काम चालू झाल्यावर

कार्यारंभ आदेश आणि अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीत लावून ठेवा. कामाच्या जागी खर्च, लांबी, ठेकेदार, मुदत लिहिलेला फलक लागलाच पाहिजे. गावातनं तिघांची समिती करा, त्यात एक बाई असू द्या, पाणी कुठं साचतं ते घरातनं रोज बघणाऱ्या बायकांना जास्त माहीत असतं. मुरमाचा थर टाकताना, रोलर फिरताना, डांबराआधी झाडून घेताना फोटो काढायचे, तारखेसकट. डांबर पडल्यावर खालचं काहीच दिसत नाही. ऊन असताना, कोरड्या दिवसातच डांबर टाकायला लावा, जूनच्या पहिल्या आठवड्यात घाईनं उरकलेलं काम घेऊ नका, त्यापेक्षा लेखी देऊन ऑक्टोबरपर्यंत थांबवा.

पार्किंगची पावती लावायची तर ग्रामसभेनं दर ठरवावा, पावतीपुस्तक ग्रामपंचायतीचं असावं आणि त्यातला ठरलेला हिस्सा रस्त्याच्या देखभालीसाठी वेगळ्या खात्यात जावा. गटारं काढायला, बुडित खांब रंगवायला, मोऱ्या साफ करायला फार मोठी रक्कम लागत नाही पण ती मे महिन्यात हातात लागते, सरकारी निधी तेव्हा येत नाही. दोषदायित्वाची मुदत पीएमजीएसवायच्या रस्त्यांना ५ वर्षं असते, बाकीच्यांना करारात असेल तेवढी, ती तारीख ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवा. दर पावसाळ्यानंतर तोच खडू, तीच टेप घेऊन एक फेरी मारायची, जिथं कड तुटली, जिथं पाणी साचलं त्याचे फोटो काढायचे आणि मुदत असेपर्यंत प्रत्येक वेळी उपअभियंत्याला पत्र देऊन पोच घ्यायची. फोनवर सांगितलेलं धरलं जात नाही, पोच घेतलेलं पत्र लागतंच.